तळघरातला पंखा

पालिकेच्या वायरमनला सगळे झिरोबल्ब म्हणत. उंची जेमतेम पाच फूट, आणि बोलणं त्याहून तोकडं. पण कुठलं बटण कुठला दिवा लावतं हे पालिकेत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून वीज वाचवायची समिती नेमली, तेव्हा अध्यक्षबाईंनी पहिलं नाव त्याचं घेतलं. बाई म्हणजे गावच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका.

लाल पट्टीची युक्ती त्याचीच. ज्या बटणाला धनी सापडत नाही, त्यावर लाल पट्टी चिकटवायची. आठ दिवसांत कुणी बैठकीत उभं राहून कारण सांगितलं तर ठीक, नाहीतर तार कापायची. आणि काय सांगू, अशी लागू पडली म्हणता! आटलेल्या कारंज्याची मोटर निघाली, कुलूपबंद खोल्यांतले दिवे निघाले. साहेबांच्या केबिनमागचा हीटर निघाला, तेव्हा साहेबांनी मिठाची गुळणी धरली. कापला तोही.

मग कारकून तळघरातून तणतणत वर आला. "दप्तरखोलीत एक पंखा अखंड फिरतोय, माणूस ना काणूस! कुणी लावलाय रे?"

झिरोबल्ब मुकाट्यानं खाली गेला आणि पट्टी चिकटवून आला. पंखा त्यानेच लावला होता.

बावीस वर्षांपूर्वी त्याला मुलगी झाली होती, पालिकेच्याच दवाखान्यात. चार तास जगली बिचारी. बायको बेशुद्ध, तिला लेकीचं तोंडसुद्धा दिसलं नाही. यानेच जन्माच्या वहीत सही केली आणि त्याच दिवशी मृत्यूच्या वहीतही. फोटो नाही, झबलं नाही. लेक या जगात येऊन गेली याला पुरावा काय, तर त्या दोन ओळी. त्या वह्या तळघरातल्या दप्तरखोलीत, आणि तिथल्या भिंतींना बारा महिने ओल. शेजारच्या गठ्ठ्यांना बुरशी लागलेली पाहून यानं तिथं पंखा बसवला. दर महिन्याला तेल द्यायचा. घरी मात्र त्या दिवसाबद्दल ब्र नाही, ना यानं काढला, ना तिनं.

आठव्या दिवशी बाईंनी विचारलं, "तळघरातल्या पंख्यासाठी कुणी आलंय?"

कोण येणार? वह्यांतल्या ज्या माणसांसाठी तो फिरत होता, त्यातली निम्मी मातीत गेलेली.

"काढ पक्कड, झिरोबल्ब," कारकून हसत म्हणाला.

नियम याचाच, आता बोलणार कुठल्या तोंडानं? तरी तो उभा राहिला. "पंखा माझा आहे," म्हणाला. "माझी मुलगी आहे तिथं. ओल लागेल तिला." मग अडखळत अडखळत सगळं सांगितलं. कारकुनाचं हसू कुठच्या कुठे गेलं.

बाई हळूच म्हणाल्या, "अरे, पण मग तिला ओलीत ठेवायचंच कशाला? वह्या वर आणू."

बावीस वर्षं! इतकी साधी गोष्ट सुचली नव्हती त्याला. वायरमनच तो, प्रत्येक दुखण्यावर त्याला बटणच सुचणार.

पहिल्या मजल्यावर उन्हाची एक खोली रिकामी होती. दोन दिवसांत वह्या तिथं गेल्या आणि पंख्याची तार त्यानं स्वतः कापली. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेला आणि बायकोला घेऊन आला.

तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. तारीख, वेळ, आईचं नाव, बापाचं नाव. एका रकान्याशी बोट थांबलं.

"इथं काहीच नाही लिहिलं?"

"विचारलं होतं त्यांनी," तो म्हणाला. "नाव काय ठेवलं म्हणून. मला काही सुचलंच नाही गं."

"अहो, मी ठेवलं होतं की," ती म्हणाली. "पोटात होती तेव्हाच."

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं लेकीला नावानं हाक मारली.