मुद्दा वरच्या पायरीवर

सोनटक्के गुरुजी गेल्याचं मला पूर्णेहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं, तिकीट फाडता फाडता. त्याला महिना होत आला. गेल्या आठवड्यात गावात त्यांची शोकसभा झाली आणि तिथं जे ऐकलं, त्यामुळं हे लिहायला बसलो आहे. आधीच सांगतो, मला हा माणूस फारसा आवडत नव्हता. शाळेत मी गणित शिकवायचो, ते भाषा. माझे तास न विचारता घ्यायचे, माझ्याच टेबलावरचा खडू उचलायचे आणि वर म्हणायचे, "तुमचे पाढे काय पळून चाललेत का?" पण आवड वेगळी आणि खोटं बोलणं वेगळं.

सात-आठ वर्षांपूर्वी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता तेव्हाची गोष्ट. गावात लोक एकमेकांकडं बघतसुद्धा नव्हते. गुरुजींनी सातवीला समुद्रातले प्राणी कुठं राहतात यावरचा एक उतारा दिला आणि मुद्दे काढायला सांगितले. पोरांनी अख्खा उतारा जसाच्या तसा उतरवला. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, गुरुजींनीही नाही. मग ते वर्गाला गावाच्या कोरड्या बारवेत घेऊन गेले. गेरूनं सगळ्यात वरच्या पायरीवर लिहिलं 'मुद्दा', त्याखाली 'उपमुद्दे', आणखी खाली 'तपशील'. ज्याच्या वाक्यात बाकी सगळ्यांची वाक्यं मावतील, तो वर उभा राहणार. किनारा, उथळ पाणी, अंधारा तळ ही पोरं मधे. खेकडा, प्रवाळ वगैरे खाली. भीमनगरातली विमल म्हणाली, "अन्न अन् आसरा मिळंल तिथं प्राणी राहतो." गुरुजींनी तिला वर नेलं. सरपंचाचा नातू खेकडा झाला होता. तो खालच्या पायरीवर मजेत आडवा चालून दाखवत होता...

तेवढ्यात सरपंच आले, मागं चार माणसं. "काय करायलाव गुरुजी? आमचा नातू खाली अन् ती पोरगी त्याच्या डोक्यावर?"

"दादा, ती मुद्दा हाय. तुमचा नातू तपशील हाय. खेकडा."

"मला शिकवू नका. अदलाबदल करा."

"त्याला मुद्दा काढू द्या. निघाला की मी स्वतः त्याला वर नेतो."

नातवानं खूप विचार केला आणि म्हणाला, "खेकड्याला धा पाय असतेत." सगळी बारव हसली. सरपंचांबरोबर आलेली माणसंसुद्धा हसली, आणि तेच गुरुजींना महागात पडलं. पोरांना उताऱ्याची मांडणी कळली होती. मोठ्यांना त्यात फक्त कोण वर, कोण खाली एवढंच दिसलं. त्याच आठवड्यात खानावळीनं गुरुजींचा डबा बंद केला. मग घरमालकानं खोली रिकामी करायला सांगितली. पुढं बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. अदलाबदल मात्र त्यांनी केली नाही. जायच्या दिवसापर्यंत बारवेत तास झाला की विमल वरच उभी राहायची.

आणि गेल्या आठवड्यातल्या शोकसभेचे अध्यक्ष कोण, तर तेच सरपंच! हार घातला, डोळे पुसले आणि म्हणाले, "गुरुजी आमच्या घरच्यासारखे होते." हे खोटं आहे. घरच्या माणसाचं जेवण कुणी तोडत नाही. विमल आता परभणीला कॉलेजात शिकते. सकाळच्या गाडीनं आली होती, शेवटपर्यंत मागं बसली. तिला दोन शब्द बोला असं कुणी म्हटलं नाही.

सभा संपल्यावर आम्ही दोघं बारवेकडं गेलो. 'उपमुद्दे' आणि 'तपशील' फिकट झालेत, पण वाचता येतात. वरच्या पायरीवर मात्र चुना फासलेला होता, तेवढ्या एकाच पायरीवर. मी घराच्या किल्लीनं खरवडत बसलो. पांढऱ्याखालून हळूहळू लाल दिसायला लागलं... विमलनं चपला काढल्या आणि त्या पायरीवर जाऊन उभी राहिली.