नाकेदाराची झडती

“कोनं धाडलं तुले?”

मी दारात पाय ठेवला की बाजेवरून हा प्रश्न यायचा. या नाही, बसा नाही. मंगळवारी विचारलेलं शुक्रवारी पुन्हा विचारायचं. “दवाखान्यानं पाठवलं, बाबा,” मी सांगायची. मग डाव्या हातातली काठी माझ्या खांद्यावरच्या पिशवीवर रोखली जायची. “उघड.”

पिशवी उघडून बाजेवर ठेवली की ते एकेक वस्तू बाहेर काढत. डबा, रुमाल, छत्री, एस.टी.चं तिकीट. तिकीटसुद्धा उलटंपालटं करून बघत. सगळं पाहून झालं तरी चेहऱ्यावर समाधान नसे. काही सापडलं नाही, म्हणजे नीट लपवलं आहे, एवढाच त्यांचा निष्कर्ष.

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी नागपूरला शिकून खामगावच्या एका धर्मादाय दवाखान्यात लागले होते. लकव्यानं किंवा दुखण्यानं ज्याचे हातपाय गेले, त्याला रोजची कामं पुन्हा शिकवायची, हे माझं काम. गुंडी लावणं, तांब्या उचलणं, घास तोंडापर्यंत नेणं. आमचे डॉक्टर म्हणत, माणसाला जिथं जगायचं आहे तिथंच जाऊन शिकवा. म्हणून आठवड्यातून दोनदा मी एस.टी.नं पिंपळगाव राजा या गावी या बाबांकडे जायची.

या कामाला पुस्तकात ‘व्यवसायोपचार’ म्हणतात, असं पहिल्या दिवशी मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, “मी पेन्शनवर हाय. मले आता कायचा व्यवसाय लावतं तू?”

गाव त्यांना नाकेदार म्हणायचं. तीस वर्षं त्यांनी खामगावच्या चुंगी नाक्यावर काढली होती. शहरात येणारी प्रत्येक गाडी थांबवायची, माल तपासायचा, चुंगी, म्हणजे जकात, घ्यायची. हातात लोखंडी सळई. ती कडब्याच्या गाडीत खुपसली की आतला तुपाचा डबा वाजायचा. “रडत्या लेकराच्या बुडाखाली म्या साखरेचं पोतं पाह्यलं हाय,” ते सांगत. “आता सांग, कोनावर इस्वास ठेवू?”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नोकरी सुटते, पण नाका सुटत नाही. त्यात पाच महिन्यांपूर्वी लकवा होऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. पाय थोडा सावरला होता, हात मात्र मांडीवर परक्यासारखा पडून असायचा. त्याला मी बोट लावू गेले की ओरडत, “हात लावू नोको!”

तीन आठवडे मी नुसती झडती देऊन परत येत होते. चौथ्या आठवड्यात पिशवीची नाडी अडकली. डाव्या हातानं ओढून ओढून ती सुटेना. आणि मी पाहिलं, मांडीवरचा उजवा हात हळूच सरकत आला आणि त्यानं पिशवीची कड दाबून धरली. त्यांना कळलंही नाही. संशयापुढं तो हात आपला लकवा विसरला होता.

त्या दिवसापासून मी पिशवी त्यांच्यासाठी भरू लागले. आधी रुमालात सैल गाठ मारलेली काडेपेटी. मग घट्ट गाठ. मग फिरकीच्या झाकणाचा डबा. मग लहानशा थैलीत चिंचोके, म्हणजे एकेक चिमटीत उचलून पाहावे लागतील.

“हे काय होय?”

“चिंचोके.”

“तुह्या वयाची बाई चिंचोके खेळते?” असं म्हणत ते एकेक चिंचोका उजेडात धरत. थरथरत का होईना, उजव्या हातानं.

हात सुधारत होता, माणूस मात्र वाळत चालला होता. अंगातली बंडी खांद्यावरून घसरायची. कारण ते जेवतच नव्हते. सून अन्नात काहीतरी घालते, असा त्यांचा ग्रह झाला होता. सालीचं केळं, टरफलासकट भाजलेल्या शेंगा, कवचातलं उकडलेलं अंडं, एवढंच खात. आत कोणाचा हात पोचत नाही असंच. सवय सुटली नव्हती ती फक्त चहाची. तो ते अर्धा पीत आणि उरलेला अंगणात ओतत. “ईख बुडाशी बसते,” म्हणजे विष तळाशी राहतं, असं ते सांगत.

हे सगळं ते मोठ्यानं बोलत, आणि ओसरी रस्त्यावर होती. त्यांचा मुलगा खामगावला कापसाच्या जिनात कामाला. तो सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा आणि बापासमोर तोंड उघडायचा नाही. सून दिवसभर एकटी. विहिरीवर बाया तिला बघून गप्प होऊ लागल्या. जानेफळहून तिचा भाऊ आला आणि म्हणाला, “बाई, सामान बांध. उद्या बुढ्याचं काही झालं, तर तुले फाशी देतीन हे लोकं.” ती गेली नाही. म्हणाली, “आता गेली त सारे म्हनतीन, खरंच व्हतं.”

आणि मी? खरं सांगते, संशय हा हिवतापासारखा असतो. त्या घरी जाता-जाता मलाही तो चढला. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली की मी तिचे हात बघायची. एका शुक्रवारी पाणी मागायला आत गेले, तर ती दाराकडे पाठ करून उभी होती. पदराच्या गाठीतून कागदाची पुडी सोडून तिनं पांढरी पूड चहात टाकली आणि चमच्यानं ढवळली.

“काय घालताय त्यात?” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

ती वळली. घाबरली नाही. “बाई, तुम्ही पन?”

पुडीवर आमच्याच दवाखान्याचा शिक्का होता. रक्तदाबाची गोळी, कुटलेली. नाकेदार ती थुंकून टाकत, म्हणून डॉक्टरांनीच तिला चहातून द्यायला सांगितलं होतं. “तवापासून चहा कडू लागते त्याईले,” ती म्हणाली. “अन् अर्धी गोयी त अंगनातच जाते.”

म्हणजे बुढ्याची जीभ खोटं बोलत नव्हती. चहात काहीतरी होतंच. मी खाली मान घालून बाहेर आले. त्या दिवशी पिशवीची झडती देताना मला प्रथमच चोरासारखं वाटलं.

आणि पुढच्याच मंगळवारी चोरी पकडली गेली. रुमालाची गाठ हातात धरून ते थांबले. बोटानं ती चाचपली.

“हे गाठ तुही हाय,” ते म्हणाले. “मांगच्या डावाची बी तुहीच. सामान बांधनारा अशी गाठ मारत नाई. हे सोडनाऱ्यासाठी मारेल गाठ हाय.” त्यांनी मान वर केली. “मले खेळवून राह्यली तू.”

नाही म्हणणं सोपं होतं. पण त्यांची उजव्या हाताची पाचही बोटं त्या गाठीवर होती.

“हो, बाबा,” मी म्हणाले. “फसवलं. हात चालावा म्हणून फसवलं.”

ते आपल्या हाताकडे बघू लागले, दुसऱ्या कोणाचा माल तपासावा तसे. मूठ मिटली, उघडली. मग म्हणाले, “तीस वर्सं काढली. नाक्यावर एकजन हो म्हनला नाई. कडब्यातून डबा काढून हातात देल्ला, तरी म्हनत, आमचा नोय.”

तेवढ्यात सून बाहेर आली. मी तिला बोलावलं नव्हतं. तिनं ती पुडी बाजेवर ठेवली. “तुमच्या चहात मी हे घालत व्हती. तुमचीच गोयी हाय. थुकून देता म्हनून.”

त्यांनी पुडी हुंगली. जिभेच्या टोकावर कणभर पूड ठेवली. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की त्या घरात तसा मी कधी पाहिला नव्हता. “म्हंजे व्हतं त!”

मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. कमरेला पदर खोचून म्हणाली, “हाव, व्हतं. आता हात चालते ना तुमचा? मंग गोयी हातानं घ्या, अन् सैपाकबी हातानंच करा. माह्या हातचं आजपासून बंद.”

शुक्रवारी गेले तर ओसरीवर वेगळी शेगडी मांडलेली. माझ्या पेशाच्या दृष्टीनं याहून चांगलं काही नव्हतं. मी त्यांना तांदूळ धुवायला, डाळ निवडायला, उजव्या हातानं पळी धरायला शिकवलं. पहिली खिचडी खाली लागली. ती खरवडून खात ते म्हणाले, “आपल्या हातचं जळेलबी बरं.” महिन्याभरात बंडी अंगाला बसू लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी माझं कौतुक केलं.

मला मात्र त्या घरात जाताना बरं वाटत नसे. एका छताखाली दोन चुली. दोन महिने ती दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. मुलगा दोन्हीकडं घास-घास खाऊन निमूट झोपे. आणि ते अजूनही शेगडीशी पाठ भिंतीला लावून बसत, म्हणजे मागून कोणी येऊ नये.

भादव्यात एका दुपारी मी पोचले, तर बाजेवरून प्रश्नच आला नाही. बाज रिकामी. नाकेदार हातात ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे होते. दोन्ही हातांत. उजवा थरथरत होता आणि पातळ खिचडी काठावरून ओघळत होती. आत सून तापानं फणफणून गोधडीत पडली होती. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात काही नव्हतं.

त्यांनी उंबरा ओलांडला आणि ताटली तिच्यापुढं ठेवली. तिनं ताटलीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

“काय घातलं यात?”

मी दारातच थांबले. आता म्हातारा भडकणार, काठी आपटणार, असं वाटलं. ते भिंत धरून हळूहळू खाली बसले. बसायलाच किती वेळ लागला! मग उजव्या हातानं एक घास घेतला, चावला, गिळला आणि तोंड उघडून तिला दाखवलं. “पाह्य.”

ती बघत राहिली. ताप होता, पण डोळे लख्ख होते. इतक्या महिन्यांचं काहीतरी ती वसूल करत होती.

“बुडातलं बी खा,” ती म्हणाली.

त्यांनी बुडातला घास घेतला. तोही गिळून दाखवला. तेव्हा तिनं ताटली आपल्याकडं ओढली.

त्यानंतरच्या आठवड्यात ओसरीवरची शेगडी दिसली नाही. आतून दोघांचे आवाज येत होते. वरणात मीठ कमी आहे की नाही, यावर जोरात वाद चालला होता. मी बाहेरच बसून राहिले.

वर्षभरानं माझी नेमणूक अकोल्याला झाली. त्यानंतर दोनेक वर्षांनी नाकेदार गेले. सुनेच्या पोस्टकार्डावरून मला ते कळलं. पण मला आठवतो तो पिंपळगावच्या माझ्या शेवटच्या फेरीचा दिवस.

मला पोचवायला ते काठी टेकत स्टँडपर्यंत आले होते. घरापासून एवढं लांब ते दुखण्यानंतर पहिल्यांदाच चालले होते. मी गाडीत बसले, तसे ते खिडकीशी आले, उजव्या हातानं गज पकडला आणि माझ्या शेजारी बसलेल्या फेटेवाल्या माणसाला नीट न्याहाळलं.

“कुठं चालला?”

“खामगावले.”

“कोनाच्या घरी?”

“बहिनीच्या.”

“मंग पिशवी येवढी हलकी काऊन? बहिनीच्या घरी कोनी रिकाम्या हातानं जाते?” मग मला म्हणाले, “बाई, आपली पिशवी मांडीवर घे.”

तो माणूस लाल झाला. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तरी ते बाजूनं चालत होते, पुढच्या खिडकीत डोकावत, तिथल्या माणसाचा चेहरा पाहत, मग त्याच्या पुढच्या. गाडीनं वेग घेतला तेव्हा कुठं मागं राहिले.

खामगाव येईपर्यंत शेजारच्या माणसानं आपले दोन्ही हात गुडघ्यांवर, मला दिसतील असे ठेवले होते.