तुरिन ते फ्रँकफर्ट, मार्गे पिंपरी

मी आयुष्यात एकदाच विमान ठरवलं. ते तुरिनहून फ्रँकफर्टला गेलं आणि मी पिंपरीत माझ्या खुर्चीवर बसून होते. तोवर मी विमान जवळून पाहिलंही नव्हतं. घर बदललं तेव्हा तळेगाव स्टेशनबाहेर उभं राहून सामानासाठी टेम्पो ठरवला होता, एवढाच काय तो माझा अनुभव.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका कारखान्यात टेलेक्स ऑपरेटर होते. काचेच्या एका छोट्या खोलीत ते यंत्र असायचं. इकडे टाइप केलं की अक्षरं तिकडे परदेशातल्या कचेरीत कागदावर उमटत. त्यांचं उत्तर आलं की घंटा वाजायची आणि यंत्र आपलं आपणच खडखडायला लागायचं. नवीन लागलेल्या मुली दचकायच्या. मला मात्र त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशी घर गप्प गप्प वाटायचं.

आमच्या कारखान्यातला सगळ्यात मोठा प्रेस इटालियन होता. त्या हिवाळ्यात त्याचा मुख्य शाफ्ट तडकला. प्रेस बंद पडला आणि त्याच्यामागे निम्मी शॉप, म्हणजे कामाची शेड, बसून राहिली. पुण्यामुंबईत विचारून झालं, कुणी हात लावायला तयार होईना. शेवटी ज्यांनी प्रेस बनवला त्यांच्याकडूनच, म्हणजे तुरिनहून, नवा शाफ्ट करून घ्यायचं ठरलं. तो नीट तपासून घेऊन यायला दोघांना पाठवलं.

त्यातले एक मेंटेनन्सचे फोरमन. सगळा कारखाना त्यांना काका म्हणायचा. दापोडीला रेल्वेलाइनला लागून असलेल्या गल्लीत राहायचे. उंच, किंचित वाकून चालणारे, आणि कुणाच्याही घरचा पंखा बिघडला तरी रविवारी पिशवीत पाना-पकड घालून हजर होणारे. आमच्याकडचा मिक्सर त्यांनी दोनदा दुरुस्त केला होता आणि दोन्ही वेळा आईशी चहा जास्त उकळण्यावरून वाद घातला होता.

दुसरे परचेस ऑफिसर. कडक इस्त्रीचा सफारी, मोजकं बोलणं, टेबलावर एक कागद वाकडा नाही. ते कधी हसून बोलले तर आम्ही मुली ती बातमी जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना सांगायचो.

काकांच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. निघताना मला म्हणाले, "चांगला आठवडाभर आधी परत येतो. तू लग्नाला यायचंस, आईलाही घेऊन ये." पण शाफ्टला तिकडे उशीर झाला. एकदा तपासणीत काही बारीक दोष निघाला म्हणून काकांनीच तो परत भट्टीत घालायला लावला. तो तयार झाला आणि तेवढ्यात इटलीत विमान कंपन्यांच्या लोकांनी संप पुकारला. रेल्वेवालेही त्यात सामील झाले. रस्त्याने जावं तर आल्प्सच्या घाटात बर्फ पडून ट्रकच्या रांगा लागलेल्या. हे सगळं परचेस साहेब तिकडून टेलेक्सने कळवत होते. आमचा खंडाळ्याचा घाट पावसाळ्यात बंद पडतो तसंच काहीसं मी डोळ्यांपुढे आणत होते, फक्त पांढरं.

लग्न रविवारी होतं. त्या आठवड्यात बुधवारी गेटवरच्या वॉचमनने मला बाहेर बोलावलं. काकू उभ्या होत्या, बरोबर लग्नाची मुलगी. मुलीच्या हाताला हळदीआधीची कसलीच तयारी दिसत नव्हती, बोटांना शाई होती. ती शाळेत शिकवायची आणि अजून रजेवर गेली नव्हती.

"ताई, त्यांचं काय कळलं का वो?" काकूंनी विचारलं. "पाव्हणे यायला लागलेत. सगळी विचारत्यात, मालक कुठं हायेत म्हणून."

"तिकडे संप आहे काकू. पण प्रयत्न चालू आहेत."

"परदेशात बी संप असतोय व्हय?" काकूंना खरंच नवल वाटलं.

मुलगी पुढे झाली. ती म्हणाली, "त्यांना सांगा, लग्न पुढे ढकलू. मी सासरी बोलले आहे. त्यांची हरकत नाही."

"गप गं," काकू म्हणाल्या. "त्येंनी ऐकलं तर वरडतील. त्येंना वाटंल आपल्यापायी झालं."

"कळलं की लगेच निरोप पाठवते," एवढंच म्हणाले. दोघी रस्ता ओलांडून बस स्टॉपकडे गेल्या. काकू मधेच थांबून मागे वळून कारखान्याकडे बघत होत्या, जणू आतून काका कुठल्या तरी दाराने बाहेर येतील.

दुपारी कारखान्याचे मॅनेजर, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, माझ्या खोलीत आले. ते कधी बसायचे नाहीत. माझ्या खुर्चीमागे उभे राहून अक्षर न् अक्षर वाचायचे.

"आपल्या जर्मन भागीदारांशी बोलणं झालंय," ते म्हणाले. "फ्रँकफर्टहून मुंबईच्या विमानात शाफ्टच्या पेटीला जागा आहे. फक्त तुरिनहून फ्रँकफर्टपर्यंत ती आणायची. ते म्हणतात छोटं विमान भाड्याने घ्या, बिल आम्ही आमच्याकडे घेतो. ठरवाठरवी मात्र तुम्ही करा. हा त्या विमानवाल्यांचा नंबर."

"कोण करणार साहेब?"

"कोण म्हणजे? यंत्र तुमच्यासमोर आहे."

मुंबईच्या एक्स्चेंजमधून लाइन मिळाली. मी टाइप केलं: तुरिन ते फ्रँकफर्ट विमान हवं, एक लाकडी पेटी, लांबी-रुंदी अशी, वजन इतकं. मी हुशारी करून पुढे लिहिलं की फक्त जाण्याचं भाडं सांगावं, परत यायचं नाही. उत्तर आलं: विमानाला परत रिकामं यावं लागतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचं भाडं पडेल. मी खुदकन हसले. तळेगावचा टेम्पोवाला अगदी हेच म्हणाला होता, याच सुरात.

"हसायला काय झालं?" मोठे साहेब मागून म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनाही हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

मग खरी अडचण आली. विमान जेट होतं पण अगदी छोटं. पेटीसाठी बऱ्याच खुर्च्या काढाव्या लागणार होत्या आणि वजनाच्या हिशेबाने पेटीबरोबर एकच माणूस बसू शकत होता. प्रवाशाचं नाव कळवा, त्यांनी विचारलं. मोठ्या साहेबांनी क्षणाचाही विचार न करता परचेस साहेबांचं नाव सांगितलं. ते वरच्या हुद्द्याचे, कस्टमची कागदपत्रं त्यांच्याकडे, इंग्रजी पक्कं. बरोबरच होतं.

माझी बोटं कळांवर तशीच राहिली.

"काय झालं?"

"साहेब, काकांच्या मुलीचं लग्न आहे. या रविवारी. सकाळी काकू गेटवर आल्या होत्या."

मोठे साहेब खुर्चीमागून पुढे आले. मला वाटलं आता ओरडा बसणार, कारण त्यांचा आवाज साध्या बोलण्यातसुद्धा चढा असायचा. ते हळू आवाजात म्हणाले, "मला कुणी बोललं नाही. तो स्वतःही बोलला नाही."

"ते कशाला बोलतील?"

"पण मी परचेस साहेबांना कसं सांगू? माणूस तीन आठवडे तिथे थंडीत बसलाय. त्यालाही घर आहे." ते खोलीत एक फेरी मारून आले. खोली एवढीशी, फेरी कसली, दोन पावलं. "असं करा. विमानवाल्यांना थांबायला सांगा. तुरिनच्या कंपनीला लाइन लावा, त्याला यंत्रापाशी बोलवा. विचारू त्यालाच."

तुरिनची लाइन लागली. तिकडच्या ऑपरेटर मुलीने परचेस साहेबांना बोलावून आणलं असावं, कारण थोड्या वेळाने अक्षरं अडखळत यायला लागली. एका बोटाने टाइप करणाऱ्या माणसाची अक्षरं लगेच ओळखू येतात. मोठे साहेब मला मजकूर सांगू लागले. एक वाक्य सांगायचे, बदलायचे. विमानात एकच जागा आहे, अडचणीची बाब आहे, आपण समजून घ्याल. मी तेवढंच टाइप केलं होतं. लग्नाचं वाक्य अजून यायचंच होतं, तोच यंत्राने मधे तोडून खडखडायला सुरुवात केली. मी वाचत गेले.

फोरमनला पाठवा. त्यांची बॅग मी भरून ठेवायला लावली आहे. कागदपत्रं त्यांना समजावतो. मी संप मिटल्यावर येतो. माझ्या घरी कृपया कळवा.

मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी पहिल्यांदाच त्या खोलीतला स्टूल ओढला आणि बसले.

"याला लग्नाचं ठाऊक होतं," ते म्हणाले.

नंतर विमानवाल्यांनी पुन्हा प्रश्न विचारले. प्रवाशाला वाइन कोणती हवी, वर्तमानपत्र कुठल्या भाषेतलं, उतरल्यावर गाडी कशी हवी. मोठे साहेब म्हणाले, तुम्हीच द्या उत्तरं, तुम्हाला ते जास्त माहीत. मी लिहिलं: वाइन नको. चहा, दूध घालून, साखर भरपूर, फार उकळू नये. वर्तमानपत्र नको. गाडी पेटी मावेल अशी.

संध्याकाळी घरी आल्यावर आईने विचारलं, "आज एवढा उशीर?"

"विमान ठरवत होते."

"कुणाचं?"

"काकांचं."

आई म्हणाली, "अगंबाई! लग्नासाठी?" मी हो म्हणाले. तसं बघितलं तर ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुरिनला धुकं होतं. विमान निघायचं होतं त्या वेळी निघालं नाही. मी डबा यंत्राशेजारी बसून खाल्ला. शॉपमधली माणसं काही ना काही निमित्त काढून काचेपाशी डोकावून जात. "आलं का काही?" मी मान हलवायची. चार वाजता चहावाला आला, त्यानेही विचारलं. त्याला विमान आणि शाफ्ट यातलं काही माहीत नव्हतं, पण सगळे विचारतायत म्हणून त्यानेही विचारलं. अंधार पडायच्या सुमारास घंटा वाजली. विमान फ्रँकफर्टला उतरलं होतं, माणूस आणि पेटी दोन्ही ठीक. मी गेटवरून एका दापोडीच्या कामगाराला सायकलवर काकूंकडे पिटाळलं.

काका शुक्रवारी मुंबईला उतरले. मोठ्या साहेबांनी त्यांच्यासाठी स्वतःची गाडी पाठवली होती. पण पेटी कस्टममधून सुटायला शनिवार उजाडला, आणि काका पेटी सोडून हलेनात. गाडी रिकामी परत आली. काका शनिवारी दुपारी ट्रकच्या केबिनमध्ये बसून, घाट चढून, पेटीबरोबर कारखान्यात उतरले. अंगावर कुणीतरी दिलेला जाड लोकरी कोट होता. पेटी खाली घेतली, झाकण काढलं, शाफ्टवरून एकदा हात फिरवला आणि मग कुठे ते घरी गेले. मुलीने दारातच विचारलं म्हणे, "आधी मी की आधी पेटी?" त्यावर काका काय म्हणाले ते काकूंनाही ऐकू आलं नाही, कारण मुलगी रडायलाच लागली.

रविवारी मी आईला घेऊन गेले. गल्लीच्या तोंडाशी पांढरा मंडप होता. पांढऱ्या साडीत मुलगी फार गोड दिसत होती. बुद्धवंदना झाली, दोघांनी एकमेकांना हार घातले, फुलं उधळली गेली. मोठे साहेब सपत्नीक आले होते आणि मंडपात लोखंडी खुर्चीवर अवघडून बसले होते. जेवणं झाल्यावर काका मला बाजूला घेऊन गेले.

"तू पाठवलंस, म्हणून तुला पहिलं सांगतो," ते म्हणाले. "उभं राहता येत नाही बघ त्यात. माझं डोकं आपटलं. मी आणि पेटी. पुढे दोन पोरं, चालवणारी. त्यातल्याच एकाने चहा दिला. दूध वेगळं, साखर वेगळी, आपली आपण मिसळायची. आणि खाली ते डोंगर! पांढरेच पांढरे, उन्हात नुसते चमकत होते." ते थांबले. "एवढं बघितलं, पण शेजारी कुणी नव्हतं. हे बघ म्हणून कुणाला सांगू? पोरीची आई बरोबर असती तर, म्हटलं. शेवटी पेटीवर थाप मारून म्हणालो, बघ गं बाई."

सोमवारी शाफ्ट बसवायला घेतला. काकांनी लग्नाची एक दिवसाचीसुद्धा रजा घेतली नाही, त्यावरून काकूंनी बरेच दिवस अबोला धरला होता असं कळलं. प्रेस सुरू झाला तेव्हा शॉपमधून टाळ्यांचा आवाज माझ्या काचेच्या खोलीपर्यंत आला.

परचेस साहेब दहाएक दिवसांनी आले, सर्दीने बेजार आणि बरेच बारीक होऊन. शाकाहारी माणूस, तिकडे बहुतेक दिवस पाव-लोण्यावर काढले होते. त्यांनी सफारीच्या खिशातून एक लहान डबी काढून मला दिली, म्हणाले काकांच्या मुलीसाठी आहे, तुम्ही द्या. मी म्हणाले, तुम्हीच चला. आणि आश्चर्य म्हणजे ते आले. इतकी वर्षं त्याच रस्त्याने जात-येत होते, पण दापोडीच्या त्या गल्लीत ते पहिल्यांदाच शिरत होते. काकूंनी त्यांच्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या. साहेब खाली पाटावर बसले. सफारीची घडी मोडेल याचं त्यांना भानच नव्हतं.

दुसरी पोळी संपत आली तेव्हा काका म्हणाले, "साहेब, तुमची खुर्ची मी घेतली. राहून राहून वाटतंय."

साहेबांनी तूप चाटलेलं बोट पुसलं. "अहो, कसली खुर्ची! मला तर त्या चिमुकल्या विमानाची भीतीच वाटत होती. तुम्ही गेलात, मी सुटलो."

काका मोठ्याने हसले, काकूही हसल्या. साहेबांनी हे खरं सांगितलं की काकांसाठी बनवून सांगितलं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढे कित्येक वर्षं एकत्र काम करूनही मी कधी विचारलं नाही. काकूंनी न विचारता त्यांच्या ताटात तिसरी पोळी वाढली आणि साहेबांनी नको म्हटलं नाही.