दादाचा पाण्याचा कॅन

लिंबूवालीचा दादा बहिणीकडे यायचा तो स्वतःचं पाणी घेऊन. गाडीतून आधी कॅन उतरायचा, मग दादा. "तुमच्याकडचं पाणी मला मानवत नाही गं," असं म्हणताना तोंड असं करायचा, जणू बहिणीनेच ते खारं करून ठेवलंय.

खारं करणारा तो स्वतः होता. त्याचं शेत नदीच्या वरच्या अंगाला, तिचं घर खाली शेवटच्या टोकाला. वरच्या जमिनीच्या पोटात जुनं मीठ आहे. पिकाला हवं तेवढंच पाणी दिलं तर ते गप्प पडून राहतं. पण दादाची पाण्याची पाळी आली की मका गुडघाभर पाण्यात उभा. "पाळी सोडली तर शेजारी हक्क सांगेल," हे त्याचं तत्त्वज्ञान. जास्तीचं पाणी खाली मुरायचं आणि मीठ घेऊन नदीत उतरायचं. इकडे तेच पाणी पिऊन लिंबूवालीच्या विकायच्या लिंबाच्या रोपांच्या पानांच्या कडा करपायच्या, कुंड्यांवर पांढरा थर चढायचा. गिऱ्हाईक रोप उचलायचं, पान उलटून बघायचं आणि ठेवून द्यायचं. नवरा गेल्यापासून तिचं घर त्याच रोपांवर चालायचं.

तिने भांडून पाहिलं, रडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. "अगं, एवढी मोठी नदी, ती काय माझ्या एकट्यामुळे नासली?" असं म्हणून दादा कॅनमधलं पाणी घटाघटा प्यायचा.

मग सरकारने योजना आणली. वरच्यांनी ठिबक बसवायचं आणि खर्च खालच्यांनी पाणीपट्टीतून द्यायचा, कारण फायदा खालच्यांचा. गंजलेले नळ नि जळालेल्या बागा यांच्यापेक्षा ठिबक स्वस्त, असं साहेब लोकांनी सिद्धही केलं. अट एकच: वाचलेलं पाणी नदीतच राहू द्यायचं. घाण करणार हे आणि झाडूचे पैसे द्यायचे आम्ही! लिंबूवाली मनातल्या मनात धुमसली, पण रोपं जगतील म्हणून वाढलेली पट्टी भरत राहिली.

ठिबक बसून काही महिने झाले तेव्हा दादाने योजनेच्या साहेबांना घरी बोलावलं. बहिणीलाही बोलावलं. या वेळी कॅन तिच्या हातात होता.

"खालच्या लोकांसाठी आम्ही त्याग केला," दादा छाती फुगवून साहेबांना सांगत होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तर दादानेच. ऐकवेना म्हणून ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि जागच्या जागी थबकली. एक जाडजूड पाइप टेकडीच्या उतारावर चढत गेला होता. गेल्या खेपेपर्यंत ओसाड असलेल्या त्या उतारावर बांध घालून नवा मका उभा केला होता. गुडघाभर पाण्यात.

दादा मागोमाग आलाच. "वाचलेलं पाणी माझंच ना? साहेबांसमोर एक अक्षर काढायचं नाही. माहेर हवंय ना तुला?"

आईबाप नव्हते, माहेर म्हणजे हा दादाच. असल्या माणसाची माया वाटते याचीच तिला चीड आली. ती स्वयंपाकघरात गेली, कॅन उघडला आणि चहाचं आधण ठेवलं.

ती कप घेऊन आली तेव्हा साहेब विचारत होते, "वाचलेलं पाणी नदीतच राहतंय ना?"

"थेंब न् थेंब!" म्हणत दादाने चहाचा घोट घेतला आणि भसकन थुंकला. "मीठ घातलंस की काय?"

"मी नाही, तू घातलंस. माझ्या नळाचं पाणी आहे ते."

साहेबांनी भिडेखातर घोट गिळला होता.

"राहू द्या तो चहा, साहेब." लिंबूवालीने चपला पायात सरकवल्या. "चला, तुम्हाला मागची टेकडी दाखवते."

"छकुले!" दादाने मागून हाक मारली. या नावाने त्याने तिला लग्नानंतर कधी हाक मारली नव्हती. तिला भरून आलं. पण ती साहेबांच्या पुढे चालत राहिली.