इंग्रिडचं काम मागे पडलं

सस्कॅटूनच्या विद्यापीठात तेव्हा अख्ख्या भौतिकशास्त्र विभागाला मिळून एकच मोठा संगणक होता, आणि व्हर्ना ह्रिचाक त्याची कारभारीण. त्याला जोडलेल्या टर्मिनलवर बसलेल्यांपैकी कुणाच्या कामाला आधी वेळ मिळणार, हे तिच्या हातात असायचं. अडलं की जो तो तिच्याकडेच धाव घ्यायचा.

मग ध्रुवप्रकाशावर संशोधन करणारी इंग्रिड आली. हसरी, हुशार. विभागप्रमुख रॉस रोज व्हर्नाच्या टेबलाशी कॉफी प्यायचे, ते आता इंग्रिडच्या टेबलाशी दिसू लागले. एकदा तर मशीनबद्दलचा प्रश्नही त्यांनी इंग्रिडलाच विचारला. व्हर्ना दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

त्याच दुपारी तिने इंग्रिडच्या चालू कामाचा ‘नाइस’ आकडा वाढवून शेवटाला नेला. हा आकडा जितका मोठा, तितकं ते काम इतरांना वाट देत मागे थांबतं. इंग्रिडची गणितं गोगलगाईसारखी सरकू लागली. त्यांतून निघणाऱ्या ध्रुवप्रकाशाच्या आकृत्यांची वाट बघत ती सारखी पडद्यात डोकावायची, आणि व्हर्नाला जेवण गोड लागायचं.

आठवडाभराने इंग्रिड रूबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"व्हर्ना, माझं काम तूच मागे टाकलंस ना? चालू कामांच्या यादीत आकडा दिसला मला."

"ते... म्हणजे..."

"अगं, बरं केलंस! माझ्यापायी सगळ्यांचं अडत होतं, आणि मला मेलीला कळलंच नाही. राहू दे तसंच."

संध्याकाळच्या बैठकीत इंग्रिडने हे सगळ्यांना सांगितलंसुद्धा. रॉस म्हणाले, "याला म्हणतात समजूतदारपणा! शिका जरा इंग्रिडकडून." टाळ्या पडल्या. व्हर्नानेही वाजवल्या.

बैठक सुटल्यावर ती टर्मिनलवर बसली आणि इंग्रिडचा आकडा तिने मुकाट्याने पूर्ववत केला. दयेपोटी नव्हे. त्या आकड्यातून त्या बाईचा चांगुलपणा रोज पडद्यावर बघत बसणं तिला सोसवेना.

इंग्रिडच्या आकृत्या दोन दिवसांत तयार झाल्या. फार सुंदर होत्या. रॉसनी त्या कॉरिडॉरमध्ये लावल्या, आणि व्हर्ना मागच्या जिन्याने ये-जा करू लागली.