शालिग्रामने वाळवलेली पांढरी भुकटी

शालिग्राम देशमुख हा नांदुऱ्याच्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर. डॉक्टरेट मिळवलेला माणूस शाळेत शिकवतो, म्हणून गावात त्याचा दबदबा मोठा. स्वभावही तसाच, एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. त्याच्या वडिलांचं सगळं आयुष्य जिनिंगच्या कारखान्यात कापूस पारखण्यात गेलं. बैलबंडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचे आणि ओल लागली की बंडी परत फिरवायचे, मग ती व्याह्याची का असेना. पोरगा हेच बघत मोठा झाला. ओल म्हणजे वजन वाढवायची लबाडी, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की एम. एस्सी. होऊनही निघालं नाही.

१९६४ साली तो नागपूरला संशोधनाला गेला. विषय असा, की घरी समजावून सांगायची सोय नव्हती. दुर्मिळ मृदा धातूंची बोरोहायड्राइडं! त्यातला एक धातू गॅडोलिनियम. त्याच्याभोवती बोरॉन आणि हायड्रोजनचे गट बसले की एक पांढरी भुकटी होते, आणि ती तापवली की हायड्रोजन सोडते. किती उष्णतेला किती सोडते, आणि आत अणूंची मांडणी कशी असते, ते शोधायचं. भुकटी हवेला लागली की बिघडायची. म्हणून ती बारीक काचनळीत बंद करून तिच्यावर क्ष-किरण सोडायचे. आत नीट मांडणी असेल तर फिल्मवर स्वच्छ रेघा उमटतात. नसेल तर नुसता धुरकटपणा.

शालिग्रामच्या फिल्मवर दोन वर्षं धुरकटपणाच येत होता. भुकटी ज्या द्रावकात तयार व्हायची, तो तिला सोडायला तयार नसायचा. मग हा पठ्ठ्या ती निर्वात नळीत तापवायचा, वजन उतरायचं थांबेपर्यंत तापवत राहायचा आणि मगच क्ष-किरणांपुढे धरायचा. मार्गदर्शक सरांना या काटेकोरपणाचं कोण कौतुक!

अशात मेहकरची कोकिळा इंगळे तिथे दाखल झाली. बौद्ध शेतमजुराची मुलगी, घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेली. परक्या शहरात आपल्या जिल्ह्याचं माणूस भेटलं म्हणून ती शालिग्रामला भाऊ म्हणू लागली. तिला शिष्यवृत्ती एका वर्षाची होती. वर्षात काही हाती लागलं तर पुढे, नाहीतर घरी.

आठव्या महिन्यात ती त्याच भुकटीची फिल्म घेऊन धावत आली.

"भाऊ, पाहा ना, रेघा आल्या!"

शालिग्रामने फिल्म उजेडाकडे धरली. रेघा होत्या, कोरल्यासारख्या स्वच्छ.

"तापवली होती काय?"

"नाही. तापवली का रंगच बदलते तिचा. नुसती पंपावर वाळवली."

"मंग हा ओला माल हाय. ह्या रेघा भलत्याच कशाच्या तरी आहेत."

सरांनाही त्याने हेच सांगितलं. सरांचा त्याच्यावर भरवसा. शिष्यवृत्ती संपली, कोकिळा मेहकरला परतली आणि प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. या पदार्थात नीट मांडणीच नसते असं लिहून शालिग्रामने आपला प्रबंध पुरा केला, आणि त्याला पदवीही मिळाली!

१९७४ साली काही कामाने अकोल्याला गेला असता, तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्याने एक परदेशी नियतकालिक चाळलं आणि तो जागीच बसला. त्यात त्याच भुकटीवर लेख होता. द्रावक ही ओल नव्हतीच. त्याचे रेणू धातूला धरून बसतात. ते मांडणीचाच भाग असतात. तापवून त्यांना बाहेर काढायला जावं तर बोरॉन-हायड्रोजनचे गटही मोडू लागतात. म्हणजे शालिग्राम आधी घर पाडत होता आणि मग खोल्या मोजत होता. पानावर रेघांचं चित्र होतं. कोकिळेच्या रेघा त्याला पाठ होत्या. त्याच त्या.

रविवारपर्यंत थांबणं त्याला जमलं नाही. रजा टाकून, खामगावला गाडी बदलून त्याने मेहकर गाठलं. मधल्या सुट्टीत कोकिळा बाहेर आली. आता चष्मा लागला होता. त्याने लेखातून उतरवून आणलेला कागद पुढे केला. तिने तो सगळा वाचला.

"एका गॅडोलिनियममागं द्रावकाचे रेणू किती निघाले, भाऊ?"

"तीन."

"मीबी तीनच काढले होते, वजनावरून."

"मंग बोलली काऊन नाही तवा?"

"सर एकटे म्हणाले असते त भांडली असती मी. पण तुमी आपल्याकडले. मले वाटलं, भाऊच ओला माल म्हणून राह्यले त चुकलंच असीन माह्यं."

माफीची वाक्यं शालिग्रामने गाडीत जुळवली होती: समज चुकली, त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हतं, वगैरे. ती सगळी त्याने आता सोडून दिली.

"कोकिळाबाई, ते फिल्म हातात धरली तवा मले एक घडी वाटलं होतं," तो म्हणाला. "वाटलं होतं का हे खरं हाय. दोन वर्षं मले नाही जमलं, अन् तुले आठ महिन्यात जमलं. ते गिळून टाकलं म्या."

कोकिळाने कागदाची नीट घडी घातली आणि तो त्याच्या हातात परत दिला.

"नुसती चूक असती, त बरं होतं भाऊ," ती म्हणाली आणि वर्गात गेली.