तिरकं चिकटवलेलं तिकीट

वाल्बुर्गा त्साइझिग आमच्याच जिन्यातली, माझ्या वरच्या मजल्यावर राहणारी. लग्न केलं नाही, मांजर पाळलं नाही; पाळली ती जुनी पोस्टकार्डं. रविवारच्या जुन्या बाजारात लोक कपबश्या निरखतात, ही खोकी उपसते. कुठला सैनिक, कुणाची आत्या, कुणाकडची मोलकरीण, सगळ्यांची ख्यालीखुशाली हिला पाठ. जुन्या जर्मन लिपीची गत मोडीसारखीच झालीय: आजीने लिहिलेलं नातवाला वाचता येत नाही. मग नातू कार्ड घेऊन वाल्बुर्गाच्या दारात. ही भिंग लावून वाचणार, वर दमही भरणार, "तुझा पणजोबा बटाटे मागतोय, आणि तू म्हणे प्रेमपत्र! जा, घरी सांग."

पण तिचा खरा जीव तिकिटांत. पूर्वी उघडं कार्ड पोस्टमनपासून होणाऱ्या सासूपर्यंत सगळे वाचायचे. म्हणून प्रेमात पडलेल्यांनी मनातलं तिकिटावर सोपवलं. सरळ असेल तर काही नाही. वाल्बुर्गाच्या तक्त्याप्रमाणे डावीकडे झुकलं तर 'आठवण येते', उजवीकडे झुकलं तर 'माझी होशील का?'. दर गुरुवारी चर्चच्या खोलीत, कॉफी पीत आणि प्लमचा केक खात, आम्ही हे तिच्याकडून शिकायचो. ओट्टमार फाइल, निवृत्त घड्याळजी, कायम तिच्या समोरच्या खुर्चीत. बोलणार कमी, बघणार जास्त. कुणाकडे ते न कळायला मी काही आंधळी नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो समुद्रकाठी मुलीकडे गेला आणि तिथून वाल्बुर्गाला कार्ड आलं. ती धडाधड जिना उतरून माझ्याकडे.

"रोझविथा, तिकीट बघ आधी!"

तिकीट उजवीकडे झुकलेलं.

"अगं, घाईत चिकटवलं असेल."

"घाईत? ज्याला भिंतीवरची तसबीर केसभर वाकडी खपत नाही, तो माणूस?"

तेही खरंच होतं. "मग फोन करून विचार की."

"कार्डाने विचारलेल्याला कार्डानेच उत्तर द्यायचं असतं," बाईसाहेब तोऱ्यात म्हणाल्या. सत्तरी उलटली आणि गालांवर ही लाली! मला हसू आलं. त्याच दुपारी तिने हवापाण्याच्या चार ओळी लिहिल्या आणि तिकीट आडवं लावलं. आडवं म्हणजे 'हो'.

ओट्टमार परतला तो आधी माझ्या दारात. टोपी हातात, चेहरा पडलेला.

"रोझविथाबाई, मी काही विचारलंच नव्हतं हो. हात थरथरतो माझा, तिकीट सरळ बसेना. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. आता वाल्बुर्गाबाईंना काय सांगू?"

"विचारायचं मनातच नव्हतं का?"

"कित्येक वर्षं होतं. पण आता कुठल्या तोंडाने विचारू? बाईमाणसाला काय, सेवा करायला बोलवू?"

"मला सांगितलंत तेच वर जाऊन सांगा," मी खेकसले. "नाहीतर मी सांगते!" आणि त्याला जवळजवळ ढकलतच वर नेलं.

त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. वाल्बुर्गाने कपाटातून ते कार्ड काढलं, भिंग घेतलं आणि पहिल्यांदाच तिकीट सोडून अक्षरं पाहिली. एकूण एक ओळ थरथरत गेलेली. तिचा चेहरा उतरत गेला, मला बघवेना.

"मेलेल्या माणसांची अक्षरं लावण्यात जन्म घालवला मी," ती म्हणाली, "आणि तुमचंच तेवढं वाचायचं राहिलं."

"चूक माझी आहे. तुमचं उत्तर परत घ्या. मी वाईट वाटून घेणार नाही, खरंच."

"एकदा पेटीत टाकलेलं कार्ड परत मिळत नसतं, ओट्टमार. बस. कॉफी टाकते."

तिने माझा कप काठोकाठ भरला. त्याचा मात्र अर्धाच, सांडू नये म्हणून. तो संपल्यावर पुन्हा अर्धा. त्याने हात टेबलाखाली लपवला होता. तिने तो वर घेतला आणि स्वतःच्या हातात धरून ठेवला. मला रडू आवरेना. गॅसवर काहीतरी ठेवलंय असं खोटंच सांगून मी खाली निघून आले.